काम बोलते, पण कोणाच्या तोंडून?

नागभीड हे गाडी बदलण्याचे गाव. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग आणि नागपूरहून येणारा फाटा इथे एकत्र येतात, म्हणून ते जंक्शन. नागपूरची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी शतकाहून अधिक काळ चालली आणि रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल यांच्या या मुलखातून त्या गाडीने काय काय नेले! बाजाराला निघालेली माणसे नेली, लग्नाची वऱ्हाडे नेली, दवाखान्यात निघालेले रोगी नेले आणि काखेत प्रमाणपत्रांची फाइल घेतलेली तरुण मुलेही नेली. ही मुले आता एसटीने जातात, नाहीतर मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून जातात. फाइल मात्र तशीच असते. नागपूर, चंद्रपूर किंवा पुण्याच्या एखाद्या कचेरीत टेबलापलीकडे तीन-चार माणसे बसलेली असतात. नाव, गाव, शिक्षण विचारून झाले की त्यातले कोणीतरी चष्मा सरळ करीत म्हणते, ‘‘सध्या काय करता? जरा सोप्या शब्दांत सांगा पाहू.’’

प्रश्न वरकरणी किती सोपा! त्यात ना गणित, ना सामान्यज्ञान. उत्तर पाठ करावे लागत नाही, कारण ते रोज हाताखालून जात असते. तरीही अनेकांची गाडी नेमकी इथेच अडते. देशाचे अर्थमंत्री कोण हे पटकन सांगणारा मुलगा स्वतःच्या कामाविषयी चार वाक्ये बोलताना चाचरतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार आपल्या घराघरांत व्हायला हवा. मुलाखतीला घरातले एकच माणूस जात असले, तरी निकालाची वाट सगळे घर पाहत असते.

या प्रश्नाची उत्तरे साधारणपणे तीन प्रकारची येतात. पहिला प्रकार पदनामाचा. ‘‘मी फिल्ड असिस्टंट आहे,’’ एवढे बोलून उमेदवार थांबतो. ऐकणाऱ्याला शेत दिसत नाही, माणूस दिसत नाही आणि त्या माणसाच्या हातातले कामही दिसत नाही. दुसरा प्रकार मोठ्या शब्दांचा. समन्वय, व्यवस्थापन, अंमलबजावणी, सर्वेक्षण असे शब्द एकामागून एक येतात आणि शेवटी हा मनुष्य सकाळी घरातून निघून नेमके करतो काय, हे कळत नाही ते नाहीच. तिसरा प्रकार आपल्या भागात फार आढळतो आणि तोच सर्वांत अधिक नुकसान करतो. ‘‘काही नाही साहेब, घरची शेती पाहतो.’’ या ‘काही नाही’ मध्ये पऱ्हे टाकण्यापासून मळणीपर्यंतचे सहा महिने गडप होतात. पाण्याचा अंदाज, मजुरांची जुळवाजुळव, सोसायटीचे कर्ज, खरेदी केंद्रावरची रांग हे सारे त्या दोन शब्दांखाली गाडले जाते.

आपल्याकडे म्हणतात, काम बोलते. म्हण म्हणून ते ठीक आहे. पण कामाला स्वतःची जीभ नसते. ते करणाऱ्याच्या तोंडून बोलते, आणि त्याने तोंड मिटून घेतले तर दुसऱ्याच्या तोंडून बोलते. दुसरा बोलला की श्रेयाचा पत्ता बदलू शकतो. याचे मोठे उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. ते नागभीड तालुक्यातच आहे.

तीन लोंब्या

या तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. मराठवाड्यातले शहर ते वेगळे. हे धान पिकवणारे खेडे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे आणि जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर होता आणि बाकीच्या पिकाशी तो जुळत नव्हता. कापणीच्या घाईत अशा लोंब्या कोणाच्या लक्षात येत नाहीत, आल्या तरी त्या भाऱ्यात जातात. दादाजींनी त्या बाजूला काढल्या आणि जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात त्यांनी त्या वेगळ्या पेरल्या. आलेल्या पिकातून हवे ते ठेवले, नको ते काढले. वर्षामागून वर्षे हाच क्रम चालला. त्यातून बारीक दाण्याचे, शिजवल्यावर चवीला चांगले लागणारे धान उभे राहिले.

१९९० च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने ते बियाणे लावले आणि पीक तळोधीच्या बाजारात गेले. व्यापाऱ्याला धान आवडले, पण त्याला नाव नव्हते. त्या काळात एचएमटीची घड्याळे घराघरांत हौसेने घेतली जात. व्यापाऱ्याने धानाला तेच नाव देऊन टाकले. ‘एचएमटी’ तांदूळ पुढे विदर्भात आणि छत्तीसगडसह शेजारच्या राज्यांत पसरला. ज्या घरात तो शिजत होता, तिथे नांदेडच्या दादाजींचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. घड्याळाचे नाव सर्वांना ठाऊक होते.

पुढची हकीकत अधिक विचार करायला लावणारी आहे. १९९४ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे नेले. १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले. श्रेय कोणाचे, यावरून वाद झाला. आपण बियाणे शुद्ध करून त्यात सुधारणा केली, अशी विद्यापीठाची बाजू होती. मूळ निवड आपली, अशी दादाजींची. अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने दादाजींच्या कामाची दखल घेतली आणि २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्ज’ नियतकालिकाने ग्रामीण भारतातल्या उद्यमी माणसांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. ‘नांदेड हिरा’, ‘डीआरके’ अशी आणखीही वाणे त्यांनी काढली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्राममधील दवाखान्यात त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे आजारात आणि आर्थिक ओढाताणीत गेली.

या वादात कोणाची बाजू किती खरी, हे ठरवण्याची ही जागा नव्हे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कृषिशास्त्रात एका पद्धतीला ‘शुद्ध वंश निवड’ म्हणतात. या शब्दाने दबून जायला होते. पण धानाच्या बाबतीत ती पद्धत म्हणजे काय? धानाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून एखादी वेगळी लोंब सापडली आणि ती वेगळी पेरली, तर तिचे गुण पुढच्या पिढीत टिकण्याची शक्यता मोठी असते. वेगळी लोंब ओळखायची, वेगळी पेरायची, तिच्यात मिसळलेली भलती झाडे उपटून काढायची आणि गुण स्थिर होईपर्यंत हे दरवर्षी करायचे. दादाजींनी बांधीत केले ते हेच. प्रयोगशाळेत त्याला नाव होते, बांधीत नव्हते. एकाच कामाच्या या दोन भाषा. एका भाषेत नोंदवह्या, परिपत्रके आणि प्रसारण समित्या आहेत. दुसऱ्या भाषेत ‘तीन लोंब्या येगळ्या दिसल्या, त्या ठेवल्या’ एवढे वाक्य आहे. शास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य कुठेही उणे नाही. पाहणे, वेगळे करणे, पुन्हा करून पाहणे हे सारे त्यात आले.

यातून मुलाखतीला जाणाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही, की खरे काम साध्या शब्दांत सांगितल्याने लहान होत नाही. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. तोंडी सांगण्याला कागदाची जोड हवी. कोणत्या वर्षी काय केले, किती केले, कोणी पाहिले याची चार ओळींची नोंद वहीत असावी. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला आणि शेतकऱ्यालाही आपले वाण नोंदवण्याची वाट मिळाली. दादाजींच्या तीन लोंब्या त्याच्या अठरा वर्षे आधीच्या. आजच्या मुलाला ती अडचण नाही. त्याच्या खिशातल्या फोनमध्ये तारखेसकट फोटो निघतो.

मणी आणि वाळूचे घड्याळ

सोपे करून सांगणे म्हणजे काम पातळ करणे, असा एक गैरसमज शिकलेल्या लोकांत असतो. तो दूर करायला नागभीडहून पूर्वेला गडचिरोलीत जावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था तिथे सुरू केली. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. गावात त्याला ‘डब्बा’ म्हणत. तपासायला डॉक्टर नाही, क्ष-किरण यंत्र नाही. मग ओळखायचे कसे? वैद्यकशास्त्राने एक खूण सांगितलेली होती. श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, दोन महिने ते वर्षाचे बाळ ५० किंवा अधिक घेत असेल, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा.

पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? तेव्हा त्यांनी मण्यांच्या पाटीसारखे एक साधन केले. जोडीला एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला औषध हवे. एवढेच. या ‘श्वास मोजणी’ साधनावर १९९२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. पुढे पाचवी-दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

आता त्या साधनाकडे मुलाखतीच्या नजरेने पाहा. त्यात वैद्यकशास्त्र कुठेही पातळ झालेले नाही. साठ म्हणजे साठच राहिले. बदलले ते सांगण्याचे माप. जिला दहापर्यंत मोजता येते, तिच्या हाताला पेलेल असे ते माप झाले. सोपे करायला विषय आतून माहीत असावा लागतो. कुठली गोष्ट सोडली तरी चालेल आणि कुठली सोडली तर बाळ जाईल, हे ज्याला कळते तोच सोपे करू शकतो. म्हणूनच अनुभवी मुलाखतकार हा प्रश्न विचारतात. उमेदवाराला बोलता किती येते यापेक्षा त्याला स्वतःचे काम आतून किती कळले आहे, हे त्यातून दिसते.

आज गावोगावी काम करणाऱ्या आशाताईंना कोणी विचारले, तर ‘‘मी आरोग्य खात्याच्या योजना राबवते’’ असे उत्तर बहुधा येईल. ते खोटे नाही, पण त्यात त्या कुठेच दिसत नाहीत. त्याऐवजी असे सांगून पाहावे: ‘‘दवाखान्यातून बाळ घरी आले की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी मी त्या घरी जाते. बाळाचे वजन करते, अंग गरम-थंड पाहते, ते दूध ओढते की नाही ते पाहते. काही वावगे दिसले तर गाडी बोलावून दवाखान्यात पाठवते.’’ हे ऐकल्यावर टेबलापलीकडच्या माणसाला आणखी काय विचारायचे ते सुचेल. मुलाखत खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

चार प्रश्न

स्वतःचे काम असे मांडायचे कसे? त्यासाठी इंग्रजी पुस्तकांची गरज नाही. चार प्रश्न स्वतःला विचारावेत. माझ्याकडे काय येते? मी त्याचे काय करतो? माझ्याकडून पुढे काय जाते? आणि मी एक दिवस नसलो तर कुठे अडते? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण कामाची किंमत त्यात दडलेली असते.

तेंदूपत्त्याच्या हंगामाचे उदाहरण घ्या. उन्हाळ्यात आपल्या भागातली कितीतरी शिकलेली मुले फळीवर मुन्शी म्हणून काम करतात. मुलाखतीत मात्र ती हे सांगतच नाहीत, किंवा ‘‘सीझनचे काम केले’’ म्हणून मोकळी होतात. समजा, एखाद्याने असे सांगितले: ‘‘तोडलेली पाने घरोघरी बांधून संध्याकाळी लोक फळीवर आणतात. एका पुड्यात सत्तर पाने असावी लागतात आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. मी पुडे मोजून प्रत्येकाच्या कार्डावर आकडा लिहितो. पान फाटके किंवा कोवळे असेल तर त्याच्यासमोरच पुडा बाजूला काढतो. मग पुडे उन्हात ओळीने वाळवायचे, पालटायचे, वाळले की पाणी शिंपून नरम करायचे आणि बोऱ्यांत भरायचे. मधेच पाऊस आला तर माल काळा पडतो. मी आकडा चुकवला तर एखाद्या बाईची दिवसाची मजुरी बुडते.’’ या सात वाक्यांत हिशेब आला, मालाची पारख आली, माणसांशी वागणे आले आणि जबाबदारीची जाणीवही आली. बँकेला किंवा गोदामाला यापेक्षा वेगळा कोणता माणूस हवा असतो?

राइस मिलमध्ये काम करणाऱ्याचेही तसेच. ‘‘मशीन ऑपरेटर आहे’’ हे पदनाम झाले. ‘‘धान रबरच्या दोन रोलांमधून जाते. रोल फार जवळ आले तर दाणा तुटून कणी वाढते, फार लांब राहिले तर तूस निघत नाही. सरकारी भरडाईत क्विंटलभर अरवा धानामागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो. तो भरेल अशा बेताने मी मशीन लावतो,’’ हे काम झाले. रेल्वेचा कीमनही ‘‘ट्रॅकवर असतो’’ म्हणतो. खरे पाहता ठरलेल्या लांबीचा रूळ तो रोज पायी चालून डोळ्यांखालून घालतो, सैल झालेली कळ ठोकून बसवतो आणि रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवतो. हे वाक्य ऐकल्यावर गाडीत झोपलेल्या प्रवाशाची झोप कोणाच्या भरवशावर आहे, ते कळते.

हे करताना दोन पथ्ये पाळावीत. काम सोपे करून सांगावे, पण फुगवून सांगू नये. दहा जणांनी मिळून केलेले काम ‘मी केले’ म्हणून सांगणारा दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. त्यात आपला वाटा कोणता, तेवढा नेमका सांगावा. आणि जे आपल्याला ठाऊक नाही, ते ‘‘माहीत नाही, पण अमक्याला विचारले असते’’ असे सांगायला लाजू नये. फळीवरच्या मुन्शीला आंतरराष्ट्रीय व्यापार माहीत असावा अशी कोणाची अपेक्षा नसते.

पथ्यांबरोबर एक धीरही द्यायला हवा. आपली बोली झाडीबोली. तिच्यात ‘ण’चा ‘न’ होतो, ‘श’चा ‘स’ होतो. पाणी ‘पानी’ होते. शहरात गेल्यावर मुलांना त्याचा संकोच वाटतो आणि जीभ सांभाळण्याच्या नादात सांगायचे तेच राहून जाते. प्रमाणभाषेचा सराव जरूर करावा, तो उपयोगाचा आहे. पण कामाविषयी बोलताना बांधी, पऱ्हे, रोवणी हे शब्द टाकून देऊ नयेत. ते या धंद्याचे नेमके शब्द आहेत. समोरच्याला कळला नाही तर एका वाक्यात अर्थ सांगावा. अर्थ सांगता येणे हीसुद्धा एक पात्रताच.

‘‘मी घरीच असते’’

या विषयात स्त्रियांची गोष्ट वेगळी काढावी लागते. बचत गटाचे कर्ज मागायला, अंगणवाडीतल्या जागेसाठी किंवा मुलीच्या स्थळाच्या बोलण्यात, कुठेही प्रश्न आला की त्यांचे उत्तर ठरलेले असते: ‘‘मी घरीच असते.’’ याच बाई रोवणीच्या दिवसांत पहाटे स्वयंपाक उरकून दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावतात. किती पाणी असले म्हणजे पऱ्हे तगेल, हे त्यांना पायाच्या घोट्यावरून कळते. मोहफूल वेचणे आणि वाळवणे त्याच करतात. गटाचा हिशेब त्या ठेवतात, कर्जाचा हप्ता चुकू देत नाहीत. हे सारे ‘घरीच’ या एका शब्दात झाकले जाते, आणि झाकणाऱ्याही त्याच असतात. जनगणनेचा प्रगणक दारात येतो, तेव्हाही घरातले कर्ते पुरुष परस्पर ‘काम करीत नाही’ असे सांगून मोकळे होतात. मग कागदावर त्या बाईचे काम उरत नाही. आईला स्वतःचे काम सांगताना मुलीने कधी ऐकलेच नसेल, तर ती मुलगी उद्या मुलाखतीत कोणाच्या सुरात बोलणार?

टेबलाच्या पलीकडे

सगळा भार उमेदवारावर टाकणेही न्यायाचे नाही. विचारणाऱ्याचीही काही जबाबदारी असते. ‘सोप्या शब्दांत सांगा’ म्हणायचे आणि मुलगा सोपे बोलू लागला की ‘एवढेच?’ म्हणून भुवया उंचवायच्या, असेही घडते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखत २७५ गुणांची असते. तिथे उमेदवाराने स्वतःविषयी भरून दिलेल्या माहितीवरून त्याचा जिल्हा, त्याचे आधीचे काम यांवर प्रश्न येतात. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या मुलाला वाघ, जंगल, नक्षलवाद याविषयी विचारले जाणे ओघानेच आले. पण त्याच्या वडिलांची दीड एकराची बांधी कशी चालते, हे विचारणारा मुलाखतकार भेटला, तर त्या मुलाला खरेखुरे बोलायला मिळेल आणि विचारणाऱ्यालाही चार गोष्टी नव्या कळतील.

दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये याचे एक सुंदर उदाहरण घडले. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. १८१२ मध्ये त्याने सर हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे व्यवस्थित लिहून काढली, स्वतःच्या हाताने त्यांची पोथी बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. ना पदवी, ना शिफारस. त्या पोथीत दोन गोष्टी दिसत होत्या: ऐकलेले याला समजले आहे, आणि याचा हात नेटका आहे. १८१३ साली डेव्हींनी त्याला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले. तोच फॅरडे पुढे विजेच्या शास्त्राचा एक जनक ठरला. मोठा झाल्यावर त्याने लहान मुलांना एका मेणबत्तीच्या आधारे रसायनशास्त्र समजावून दिले, आणि ती व्याख्याने आजही वाचली जातात. साधे सांगण्याची ताकद त्याला आयुष्यभर पुरली. पण ती पोथी उघडून पाहणारे डेव्ही होते, हेही विसरून चालणार नाही. नांदेडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला असा वाचक फार उशिरा आला.

मुलाखतीची तयारी म्हणून आपण मुलांना क्लास लावतो, बूट घेऊन देतो, टाय बांधायला शिकवतो. ते सगळे करावे. त्याआधीची एक तयारी मात्र बिनखर्चाची आहे आणि ती घरातच होते. शाळेच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘नोकरी’ आणि ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिले की आपले काम संपते. आई आणि वडील दिवसभर काय करतात, हे त्या मुलाला शेवटपर्यंत कळत नाही. आजचा रविवार आहे. जेवणानंतर घरातल्या प्रत्येकाने आपले काम घरातल्या दहा वर्षांच्या पोराला समजेल अशा शब्दांत सांगावे. मोठ्यांनी आधी सांगावे, आजीनेही सांगावे. पोराने ‘‘म्हणजे काय?’’ विचारले की थांबून तेवढे पुन्हा सांगावे. ज्या घरात हे बोलणे रुळेल, त्या घरातले मूल दहा-बारा वर्षांनी टेबलापुढे बसेल तेव्हा ‘काही नाही साहेब’ने सुरुवात करणार नाही.